हजेरी

संध्याकाळचे सात वाजलेत. मंद्रूपच्या एसटी स्टँडजवळच्या टपरीवर, चहाचा ग्लास हातात धरून तुम्ही बाकावर बसला आहात. विजापूरकडून आलेले ट्रक सोलापूरच्या दिशेनं निघालेत. पलीकडे कुणीतरी कन्नडमध्ये भाव ठरवतंय, अलीकडे पैसे मराठीत मोजले जाताहेत. खिशातला फोन थरथरतो. गावाच्या ग्रुपवर कुणीतरी पुढे ढकललेला मेसेज आहे: उद्यापासून सगळ्यांचे कॉल रेकॉर्ड होणार, व्हॉट्सॲपवर सरकारची नजर राहणार. खाली टिकांचा हिशेब. दोन निळ्या टिका म्हणजे समोरच्यानं वाचलं. तीन निळ्या म्हणजे सरकारनं वाचलं. दोन निळ्या नि एक लाल म्हणजे कारवाई होऊ शकते. तिन्ही लाल झाल्या, तर कोर्टाचं बोलावणं आलंच म्हणून समजा.

शेजारचे बापू चष्मा कपाळावर सारतात आणि फोन डोळ्यांजवळ नेतात. "लाल टिक आली तर काय करायचं ओ?"

"तसं काही नसतं, बापू."

तुम्ही असं म्हणता खरं, पण मगाशी तुमच्या अंगठ्यानं काय केलं ते तुम्हाला ठाऊक आहे. शेतीपंपाची वीज रात्रीच का येते, अंधारात साप-विंचवातून पाणी द्यायला माणसानं का जायचं, यावर तुम्ही चार ओळी लिहिल्या होत्या. एक शब्द जरा तिखट होता. हा मेसेज आला आणि तुम्ही ते सगळं पुसून टाकलंत. कुणी दम दिला नव्हता, कुणी फोन केला नव्हता.

मेसेज खोटा आहे. कित्येक वर्षं फिरतोय. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानं तो खोटा असल्याचं जाहीर केलं, तरी दर पावसाळ्यात गवत उगवावं तसा तो पुन्हा उगवतो. पण त्यातलं सरकार जरा नीट बघा. ते तुमचं बोलणं वाचतं आणि वाचल्याचं तुम्हाला कळवतं, टिक देऊन. मला इतकी वर्षं हीच गोष्ट छळते आहे. खऱ्या पाळतीत टिक नसते. तुमचा फोन ऐकला गेला असेल, तर ते तुम्हाला आज कळणार नाही, वर्षानं कळणार नाही, बहुधा कधीच कळणार नाही.

चहाचे पैसे द्या आणि उठा. हा रस्ता फार जुना आहे. याच्यावरून मागे चालत गेलं, तर ही टिक कुठे कुठे होती ते दिसेल.

•

डांबर संपलं. पायाखाली काळी माती आहे, पावसानं फुगलेली, चिकट. साल १६९७. विजापूरची आदिलशाही बुडून अकरा वर्षं झालीत. भीमेच्या वरच्या अंगाला, माचणूरजवळ ब्रह्मपुरीला, औरंगजेबाची छावणी दोन वर्षांपासून ठाण मांडून बसली आहे आणि अजून दोन वर्षं बसणार आहे. यंदा पावसाळ्यात भीमा थेट छावणीत शिरली होती. लोक अजून त्याबद्दलच बोलताहेत.

तुमच्या मुंडाशात एक चिठ्ठी आहे. कुणाची, कुणाला, ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसण्यातच तुमचा जीव आहे. तुम्ही जासूद आहात. सोबत जोडीदार आहे, कारण अशी कामं जोडीनं होतात. एकाला ताप आला, एकाला पकडलं, तरी दुसरा पुढे जातो. हा शब्द क्षणभर तोंडात घोळवून बघा. जुन्या मराठीत जासूद म्हणजे पत्र नेणारा, निरोप्या. उत्तरेत त्याच मुळाचा शब्द हेरासाठी चालतो. पत्र पोचवणारा आणि पत्र फोडणारा एकाच शब्दातून निघाले. आपल्या पूर्वजांना हे दोघे फारसे लांबचे वाटले नसावेत.

नदीकाठच्या गावात पिंपळाखाली एक माणूस चौरंगावर कागद मांडून बसला आहे. तुमचा जोडीदार हळूच सांगतो, हा वाकियानवीस. सुभ्यात काय घडलं, कोण आलं, कोण गेलं, ठाणेदारानं काय केलं, ते लिहून बादशहाकडे पाठवणं हे त्याचं काम. सगळ्या गावाला तो ठाऊक आहे. त्याच्यासमोर ठाणेदारसुद्धा आवाज चढवत नाही. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतही हाच शब्द होता. दत्ताजी त्रिंबक हे वाकनीस, राजाची रोजची नोंद ठेवणारे. हे पद उघडं होतं.

"याची भीती नाही," जोडीदार म्हणतो. "दुसऱ्याची आहे."

दुसरा म्हणजे खुफियानवीस. तो कोण, हे ठाणेदाराला माहीत नसतं आणि वाकियानवीसालाही माहीत नसतं. तो भाजी विकणारा असेल, घोड्याला नाल मारणारा असेल. त्याचे कागद डाकचौकीवरून वेगळ्या वाटेनं जातात. निकोलाव मनूची नावाच्या व्हेनिसच्या प्रवाशानं लिहून ठेवलं आहे, की ही बातमीपत्रं रात्री नऊच्या सुमारास महालातल्या बायका बादशहाला वाचून दाखवत. तेव्हा इथे भीमाकाठी, भाकरी-चटणीची शिदोरी सोडून बसलेल्या तुम्ही जोडीदाराशी जे बोललात, ते आठवड्याभरात एका म्हाताऱ्या बादशहाच्या कानावर पडू शकतं. तुम्ही भाकरी गुंडाळता आणि निमूट उठता. सव्वातीनशे वर्षांनी टपरीवर अंगठा जसा फिरला, तसाच हा हात फिरला.

•

पुढचा मुक्काम लांबचा आहे. मला तिथे घाई करायची नाही.

साल १९२४. पहाट व्हायची आहे. तुम्ही सोलापुरात आहात, गिरणीचा भोंगा अजून वाजलेला नाही. समोर तारेचं कुंपण. आत झोपड्यांच्या ओळी. तुमच्याभोवती बायका, म्हातारे, कडेवरची पोरं, सगळे रांगेत उभे आहेत. दिव्याच्या उजेडात एक माणूस वही उघडतो आणि नावं पुकारू लागतो. याला इथे हजेरी म्हणतात. तुमचं नाव येतं. तुम्ही "हाजर" म्हणता. हाजर म्हणायला उशीर झाला, तर तो गुन्हा. रात्री हजेरीच्या वेळी झोपडीत सापडला नाहीत, तर तोही गुन्हा.

तुम्ही काय केलंय? काही नाही. तुम्ही जन्माला आलात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं काही जमातींच्या जन्मालाच गुन्हा ठरवलं. १९११ मध्ये तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू करता येईल असा झाला, आणि याच वर्षी, १९२४ ला, त्याची नवी आवृत्ती निघाली. कैकाडी, पारधी, मांग गारुडी, कंजारभाट, भामटा अशी यादी. यादीत नाव आलं, की नोंदणी. नोंदणीला गेलं, की बोटांचे ठसे. हे शास्त्रही आपल्याच देशात पक्कं झालेलं: ठशांवरून माणूस ओळखणारं जगातलं पहिलं कार्यालय १८९७ साली कलकत्त्यात उघडलं. तुमची बोटं शाईत बुडवून कागदावर एकेक फिरवली जातात. शाई आठ दिवस नखांत राहते. लेकरू विचारतं, हे काय लागलंय? तुम्ही लुगड्याला, धोतराला हात पुसता. पुसलं जात नाही.

दिवसा गिरणीत काम, रात्री कुंपणात हजेरी. सोलापूरची ही कुंपणातली वस्ती, सेटलमेंट, मुंबई इलाख्यात मोठी म्हणून ओळखली जाते. विजापुरातही अशीच सेटलमेंट आहे. मधे मंद्रूप. ज्या रस्त्यावरून तुम्ही मगाशी चहाचे पैसे देऊन निघालात, त्याच्या दोन्ही टोकांना तार आहे.

आज तुम्हाला पास मिळालाय. बहीण बाळंतपणाला आली आहे, मंद्रूपच्या पुढच्या एका गावात. पासावर नाव, कुठे जायचं, कधी परतायचं, सगळं लिहिलेलं. तुम्ही तो कागद कनवटीला बांधता आणि चालू लागता. ज्वारीची हिरवी ताटं वाऱ्यावर सळसळताहेत, मालदांडीचं रान आहे हे. दुपारी मंद्रूपच्या वेशीत पोचता. वेसकर अडवतो. पाटलाच्या वाड्यावर जाऊन पास दाखवायचा, पाटील तो उलटसुलट बघणार, अंगठा घेणार. वाड्याच्या ओसरीवर बसलेले चारजण कुजबुजतात. आज रात्री गावात कुणाची कोंबडी गेली, तरी पहिलं नाव तुमचं निघेल. तुम्ही खाली मान घालून उभे. अंगठ्याला पुन्हा शाई.

पाळत हा शब्द वर्तमानपत्रात वाचताना आपल्याला अजूनही तो मोठ्या माणसांचा मामला वाटतो. मंत्री, पत्रकार, चळवळीतले लोक. मला वाटतं त्याचं कारण असं, की या ओसरीवर उभं राहिलेल्यांचा इतिहास आपण पाळतीचा इतिहास म्हणून कधी वाचलाच नाही. तो आपण जातीचा, गुन्ह्याचा, सुधारणेचा इतिहास म्हणून वाचला. वास्तविक आपल्या भागात सरकारनं माणसाची रोजची हालचाल, त्याचा पत्ता, त्याची बोटं, त्याची रात्र वहीत उतरवून घेतली, ती आधी इथे. मोठ्यांच्या टेलिफोनपर्यंत हे हात नंतर पोचले.

आणि तरी, त्या ओसरीवर तुम्हाला एक गोष्ट माहीत होती: कोण बघतंय. वहीवाल्याचं नाव माहीत होतं, पाटलाचं तोंड माहीत होतं, तार डोळ्यांना दिसत होती. हे बरं होतं असं म्हणायला माझी जीभ धजणार नाही. ते अमानुष होतं. पण दिसत होतं, म्हणून त्याच्याविरुद्ध बोट दाखवून बोलता आलं. मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ मध्ये गेला, देशभरात ३१ ऑगस्ट १९५२ ला. १९६० साली पंडित नेहरू सोलापूरला आले आणि सेटलमेंटची तार तोडली गेली. त्या माणसांना 'विमुक्त' हे नाव मिळालं. वही मात्र एका दिवसात मिटली नाही. १९५९ साली सराईत गुन्हेगारांसाठी नवा कायदा आलेला होताच, आणि गावात चोरी झाली की पारध्याच्या पालावर आधी धाड पडते, हे आजही मंद्रूपच्या टपरीवर कुणालाही विचारा.

•

१९३० चा मे महिना. सहाच वर्षं पुढे आलात. तेच सोलापूर. १२ मे ते ३० जून मार्शल लॉ आहे. मंद्रूपहून बाजाराला आलेल्या शेतकऱ्यानं चौकात शिरण्याआधी डोक्यावरची पांढरी टोपी काढून कमरेला खोचली आहे, कारण गांधी टोपी हाच पुरावा. तुम्हीही डोक्याला हात लावून बघता. पुढच्या १२ जानेवारीला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी होणार आहे. आता इथे थांबू नका, गोरे शिपाई रस्त्याच्या टोकाला दिसताहेत.

•

१९७६, एप्रिल संपत आलाय. मंद्रूपच्या पोस्टात पंखा नाही. पोस्टमननं तुमच्या हातात पत्र ठेवलं, पण तुमच्या नजरेला नजर दिली नाही. पत्र येरवड्याच्या कारागृहातून, तुमच्या थोरल्या भावाचं. आणीबाणीत मिसा कायद्याखाली उचललेल्यांपैकी तो एक. वरती शिक्का आहे: तपासले. दोन ओळींवर काळी शाई फासली आहे. त्या दोन ओळींत काय असेल? आईच्या तब्येतीची चौकशी? शेजारच्या बराकीतल्या कुणाचं नाव? तुम्ही पत्र उन्हात धरून बघता. शाई जाड आहे.

शिक्का बघा. ती टिक आहे. वाचणाऱ्यानं कबूल केलंय, की मी वाचलं.

त्याच आठवड्यात, २८ एप्रिलला, सर्वोच्च न्यायालय एडीएम जबलपूर खटल्यात सांगतं, की आणीबाणी असेतोवर तुरुंगात टाकलेल्या माणसाला आपल्या सुटकेसाठी कोर्टाचं दार ठोठावता येणार नाही. पाचांपैकी चार न्यायमूर्ती त्या बाजूनं. त्यांत यशवंत चंद्रचूड, आपल्याच पुण्याचे. विरोधात एकटे एच. आर. खन्ना. तुमच्या भावाला हे तुरुंगात कुणीतरी सांगेल आणि पुढच्या पत्रात ती ओळ काळी होऊन येईल.

यापुढची वर्षं भराभर ओलांडू. १९८६ मध्ये टपाल उघडण्याचे अधिकार वाढवणारं विधेयक संसदेनं मंजूर केलं आणि राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केलीच नाही. त्या काळातलं हे एक मोठं काम, आणि ते सही न करण्याचं होतं. १८ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयानं टेलिफोन ऐकणं हा खासगी आयुष्यावरचा घाला आहे असं सांगितलं आणि काही अटी घातल्या: आदेश गृहसचिवाचा हवा, मुदत हवी, एका समितीनं तो तपासायला हवा. पुढे २००७ मध्ये त्याचे नियम झाले. समितीत कोण? तीन सचिव. आदेश काढणारं सरकार, तपासणारंही सरकार. न्यायाधीश कुठेच नाही.

नियमात एक ओळ अशी आहे, की ती वाचली तेव्हा मी वही मिटून खिडकीशी जाऊन उभा राहिलो होतो. आदेशाची आणि ऐकलेल्या बोलण्याची नोंद कामाची नसेल, तर दर सहा महिन्यांनी नष्ट करायची. हेतू चांगला असेल. दुसऱ्याचं बोलणं कपाटात पडून राहू नये. पण नोंद जळली की पुरावाही जळला. सेटलमेंटची वही निदान दप्तरात आहे, आज कुणी संशोधक ती उघडून बसू शकतो. तुमच्या फोनवर निघालेला आदेश मात्र कुणाच्याच हाती लागणार नाही.

•

आता २०१९, मुंबई. उच्च न्यायालयाच्या गर्दीत, मागच्या बाकावर बसा. २२ ऑक्टोबर. एका व्यावसायिकाचा फोन २००९-१० मध्ये सीबीआयनं ऐकला होता. त्यासाठी तीन आदेश निघाले होते. न्यायालय म्हणतं, कायदा फोन ऐकायला परवानगी देतो ती सार्वजनिक आणीबाणीत किंवा जनतेच्या सुरक्षेसाठी, आणि लाचेच्या या प्रकरणात दोन्ही नव्हतं. तिन्ही आदेश रद्द. रेकॉर्डिंग नष्ट करा. तुमच्या शेजारी बसलेला ज्युनिअर वकील भराभर टिपून घेतोय.

छाती भरून येते ना? माझीही आली होती. मग घरी जाताना लोकलमध्ये एक विचार टोचू लागला. या माणसाला आपला फोन ऐकला गेला हे कळलं कसं? त्याच्यावर खटला भरला, ते संभाषण पुराव्यात आलं, म्हणून. ज्याच्यावर काहीच आरोप ठेवता आला नाही, ज्याच्या फोनमध्ये फक्त बायकोशी झालेलं भांडण आणि मुलाच्या फीचा हिशेब निघाला, त्याला कोर्टात उभंच राहता येत नाही, कारण आपण कुंपणात होतो हे त्याला ठाऊकच नाही. निर्दोष माणसालाच दाद मागायची सोय नाही.

किती आदेश निघतात? माहितीच्या अधिकारात एकदा केंद्र सरकारचं उत्तर मिळालं होतं: महिन्याला सरासरी ७,५०० ते ९,०००. समितीनं दोन महिन्यांतून एकदा बसायचं. आधी मुंबई उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात राहिलेले न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीनं २०१८ च्या अहवालात हा हिशेब मांडला: एका बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश. तुम्ही मंद्रूपच्या तलाठ्याला विचारा, एका बसकीत सातबारे किती तपासून होतात.

महाराष्ट्रातच आमदार-खासदारांचे नंबर भलत्याच नावांनी दाखवून ऐकल्याचा आरोप झाला, २०२२ मध्ये पुण्यात आणि मुंबईत गुन्हे नोंदले गेले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयानं ते रद्द केले. पेगासस नावाचं हेरगिरीचं सॉफ्टवेअर भारतीयांच्या फोनमध्ये घुसवलं गेल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. न्यायालयाच्या समितीनं २९ फोन तपासले, पाचांत काहीतरी घातक सापडलं, ते पेगाससच होतं असं सिद्ध झालं नाही, आणि सरकारनं सहकार्य केलं नाही असं ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयातच सांगितलं गेलं. या दोन्ही प्रकरणांत कोण खरं, कोण खोटं, हे मला तुम्हाला सांगता येत नाही. तुम्हालाही ते शोधता येत नाही. माझं दुखणं नेमकं हेच आहे.

पोलिसांना हे अधिकार नकोतच, असं मी म्हणणार नाही. मंद्रूपसारख्या गावात ऊसबिलाचे पैसे खात्यावर आले त्याच दिवशी एखाद्या भामट्याचा फोन येतो, ओटीपी जातो, खातं रिकामं होतं. त्या घरातली बाई पोलिस ठाण्याच्या पायरीवर बसते तेव्हा तिला वाटतं, शोधा हो त्याला, त्याचा नंबर ऐका, त्याचा टॉवर काढा. तिचं बरोबर आहे. अमेरिकेतही गुन्ह्याच्या तपासासाठी फोन ऐकतात. पण तिथे आधी न्यायाधीशाची परवानगी लागते, आणि ऐकणं संपल्यावर साधारण ९० दिवसांत त्या माणसाला कळवावं लागतं, फार तर न्यायाधीशाच्या संमतीनं ते लांबवता येतं. (त्याच देशानं जगभरच्या लोकांचे संदेश कसे गोळा केले, हे २०१३ मध्ये स्नोडेननं उघड केलं, तेही विसरू नका.) मला एवढंच हवं आहे. ऐकून झाल्यावर सांगा. काही सापडलं नाही, तर तेही सांगा.

•

टेलिग्राम जुलै २०१३ मध्ये बंद झाला. त्याच्या नावाचा १८८५ चा कायदा मात्र फोन ऐकत राहिला. त्याच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आला, डिसेंबर २०२४ मध्ये त्याचे फोन ऐकण्याचे नियम आले. सचिवांची समिती आहे तशीच आहे. २०१८ च्या डिसेंबरात केंद्रानं दहा यंत्रणांची यादी काढली, ज्यांना कुणाच्याही संगणकातली माहिती बघण्याचा आदेश मिळवता येतो. झैलसिंगांनी जे अडवलं होतं, ते टपालाच्या २०२३ च्या कायद्यात पुन्हा आलं.

आणि या सगळ्यांच्या मधे, २४ ऑगस्ट २०१७. दिल्लीत नऊ न्यायमूर्ती एकमतानं सांगतात, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्याच निकालात एडीएम जबलपूरचा निकाल चुकीचा होता असंही लिहिलं जातं. लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव. मंद्रूपच्या पोस्टात ते काळी शाई फासलेलं पत्र उन्हात धरून उभ्या असलेल्या तुम्हाला हे जाऊन सांगावंसं वाटतं. एक्केचाळीस वर्षं लागली.

•

परत येता येता थोडं पुढे या, टाकळीला. भीमेवरचा पूल. सोलापूर शहरासाठी जिथून पाणी उचलतात तो औजचा बंधारा याच नदीवरचा. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे कर्नाटक. रात्र झाली आहे, पुलावर तुम्ही एकटेच. कुणालाही तुम्ही इथे आहात हे सांगितलेलं नाही. फोन खिशात गप्प आहे, पण तो गप्प नसतो. थोड्या थोड्या वेळानं तो जवळच्या टॉवरला आपण कुठे आहोत ते कळवतो. हाजर. नदीकाठी कधी अलीकडचा टॉवर पकडतो, कधी पलीकडचा. तुम्ही कुणाला कधी फोन केला, किती वेळ बोललात, तेव्हा कुठल्या टॉवरखाली होता, याची नोंद कंपनीनं किमान दोन वर्षं सांभाळायची, असा नियम डिसेंबर २०२१ मध्ये झाला. आधी ही मुदत एक वर्ष होती. व्हॉट्सॲपचा मजकूर २०१६ पासून कुलूपबंद जातो, वाटेत तो कुणाला वाचता येत नाही, हे खरं. पण १९२४ च्या वहीतही तुमचं बोलणं कुठे लिहिलेलं होतं? नाव होतं, जागा होती, वेळ होती. तेवढ्यावर त्यांचं भागत होतं.

पुलाच्या कठड्याला हात लावून तुम्ही थोडा वेळ उभे राहता. अंगठ्याकडे नजर जाते. शाई नाही.

•

टपरीवर परत याल तेव्हा साडेआठ झालेले असतील. चुलीवरची शेवटची किटली. बापू अजून तिथेच, मोबाइल गुडघ्यावर.

"काय ओ, कुठं गेलतासा?"

"इथंच. टाकळीपर्यंत."

ग्रुपवर टिकांच्या मेसेजखाली आठ-दहा जणांनी हात जोडलेत. ॲडमिन घाबरलाय, म्हणतोय मी ग्रुप बंद करतो, उद्या माझ्यावर यायचं. त्याला तुम्ही खासगीत लिहिता, की मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्येच सांगितलंय, दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिनला नुसता ॲडमिन म्हणून गुन्हेगार ठरवता येत नाही. त्याचा अंगठा येतो. वर केलेला.

मग तुम्ही गावाच्या ग्रुपवर येता आणि मगाशी पुसलेल्या ओळी आठवून पुन्हा लिहू लागता. शेतीपंपाची वीज रात्रीच का. दिवसा का नाही. बोट थांबतं. पुन्हा चालतं. तो तिखट शब्द येतो, तुम्ही त्याच्याकडे बघत राहता.

बापू स्वतःच्या फोनवर बोट ठेवून दाखवतात. "हितं वर तुमचं नाव येतंय, टाइप करतंय म्हणून. मगाशी बी आलतं. मग गेलं."

तुम्ही काही बोलत नाही. शब्द तसाच ठेवता आणि पाठवता. एक टिक उमटते, राखाडी. दुसरी अजून नाही, या वेळेला इथं नेटवर्क असंच असतं. बापू चष्मा नीट करतात, तुमच्या बाजूला सरकतात, आणि तुमच्याच फोनमध्ये डोकावून दुसरी टिक यायची वाट बघत बसतात.